स्मृती आणि साक्ष

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



समितीने मला विषय दिला, 'माणसाची स्मरणशक्ती'. पत्रिकेवर असा विषय छापला की लोकांना वाटते, हे गृहस्थ आता स्मरणशक्ती वाढवायच्या युक्त्या सांगणार, सकाळी किती बदाम खायचे ते सांगणार. परीक्षेला बसणारी मुले समोर आहेत, म्हणून अभ्यासाबद्दलही मी थोडे बोलणार आहे. बदामाचे मात्र काही सांगणार नाही. मी मानसशास्त्र शिकवतो, सुका मेवा विकत नाही.

मला मुख्य सांगायचे आहे ते असे. आपण सगळे जण आठवणीच्या भरवशावर जगतो. घरातले भांडण घ्या, "तू असंच म्हणाला होतास." पोलीस ठाण्यातला जबाब घ्या. कोर्टातली साक्ष घ्या. आजी-आजोबांनी सांगितलेला वस्तीचा इतिहास घ्या. या सगळ्यांचा पाया आठवण. पण हा पाया कसा घातलेला असतो, तो कुठे पक्का आणि कुठे भुसभुशीत, हे आपण कधी तपासून पाहत नाही. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मानसशास्त्राने ते तपासले आहे.

मेंदू म्हणजे गोदाम नव्हे

साधारण समजूत अशी की डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले ते मेंदूत जसेच्या तसे साठते. पाहिजे तेव्हा पेटी उघडायची आणि काढायचे. आजकाल लोक म्हणतात, "माझ्या डोक्यात रेकॉर्ड झालंय." तसे काही होत नाही.

आठवणीच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, समोरच्या गोष्टीकडे लक्ष देऊन ती मनात घेणे. दुसरी, ती टिकणे. तिसरी, गरज पडेल तेव्हा ती परत आणणे. तिन्हींत गळती होते. "मला आठवत नाही" असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती गोष्ट मनात शिरलेलीच नसते. दाराला कुलूप लावले की नाही हे जिना उतरल्यावर आठवत नाही, कारण कुलूप लावताना हात चालू होता आणि मन बसच्या वेळेत होते. उलट कधी कधी गोष्ट आत असते पण सापडत नाही. नाव अगदी जिभेवर असते, येत नाही, आणि रात्री जेवताना आपोआप येते.

मनात एका वेळी मावते किती, हाही प्रश्न आहे. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिले की माणूस ऐकल्याबरोबर साधारण सात गोष्टी धरून ठेवू शकतो, दोन कमी किंवा दोन जास्त. पुढच्या संशोधकांनी ही क्षमता आणखी कमी, चारच्या आसपास धरली. मग दहा आकड्यांचा मोबाइल नंबर आपण कसा सांगतो? पाच आणि पाच असे दोन तुकडे करून. सुटे आकडे जड जातात, गठ्ठा बांधला की हलके होतात.

आणि स्मृती ही एकच शक्ती नाही, तिचे प्रकार आहेत. हे कळले ते एका माणसाच्या दुर्दैवामुळे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या तरुणाला लहानपणापासून फिट येत असत. पुढे त्या इतक्या वाढल्या की काम करणे अशक्य झाले. १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, हार्टफर्ड येथे डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आणि त्याच्या आसपासचा भाग बराचसा काढला. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण धरून ठेवण्याची शक्ती गेली. बोलत असलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीला तो नवा. जेवण झाले हे थोड्या वेळाने आठवत नसे. बुद्धी शाबूत, भाषा शाबूत, लहानपण बरेचसे आठवते, पण 'काल' नाही.

कॅनडातल्या ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अनेक वर्षे त्याचा अभ्यास केला. त्यांनी त्याला एक काम दिले, आरशात बघत बघत कागदावरची चांदणी गिरवायची. अवघड काम आहे, घरी करून बघा. तीन दिवसांत हेन्रीचा हात बसला. पण दर वेळी तो म्हणे की हे मी आज पहिल्यांदाच करतोय! म्हणजे हाताची आठवण वेगळी आणि प्रसंगाची आठवण वेगळी. सायकल चालवणे, भाकरी थापणे, शिलाई मशीन चालवणे ही एक स्मृती. भारताची राजधानी कोणती, हे माहीत असणे ही दुसरी. माझ्या लग्नात पाऊस आला होता, ही तिसरी. हेन्री २००८ साली, ८२ व्या वर्षी वारला. तो जिवंत असेपर्यंत त्याचे नाव जाहीर केलेले नव्हते, पुस्तकांत फक्त 'एच. एम.' असे छापत. आपल्याच नावाने जगभर संशोधन चालले आहे, हे त्याला सांगितले तरी लक्षात राहण्यासारखे नव्हते. स्मृतीविषयीच्या आजच्या ज्ञानावर या माणसाचे मोठे ऋण आहे.

विसरणे आणि अभ्यास

आता विद्यार्थी मित्रांसाठी. विसरणे मोजणारा पहिला माणूस जर्मनीतला हर्मन एबिंगहाउस. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. ज्यांना काही अर्थ नाही अशी अक्षरे जोडून याद्या केल्या, त्या पाठ केल्या, आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजले. १८८५ साली त्याने हे प्रसिद्ध केले. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, आणि महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा उतार सुरुवातीला कड्यासारखा आणि पुढे सपाट. जे जायचे ते पहिल्या दिवसातच बरेच जाते. म्हणून शाळेत शिकवलेले त्याच संध्याकाळी एकदा उजळले, तर त्या अर्ध्या तासाचे मोल परीक्षेआधीच्या चार तासांइतके असते, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

दुसरी गोष्ट. आपली मुले अभ्यास म्हणजे काय करतात? धडा वाचतात, पुन्हा वाचतात, रंगीत पेनाने रेघा मारतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी याची परीक्षा घेतली. एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला, आणि मग पुस्तक मिटून जे आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटले. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे अशी आपली फसगत होते. तेव्हा पुस्तक मिटा, आणि आठवा. धाकट्या भावाला शिकवा, आईला समजावून सांगा. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नका, कारण दिवसा घेतलेले झोपेत पक्के होते.

पूर्वीच्या शाळेत पाढे, पावकी, निमकी रोज संध्याकाळी म्हणवून घेत. घोकंपट्टी म्हणून आपण तिला नावे ठेवतो, आणि अर्थ न समजता घोकण्यात तोटा आहेच. पण रोज थोडे, न बघता, मोठ्याने आठवून म्हणायचे, या पद्धतीतला गाभा खरा होता.

ही गोष्ट या वास्तूत बोलताना एक उदाहरण टाळता येत नाही. तथागतांची वचने कित्येक पिढ्या मुखोद्गतच होती. परंपरेप्रमाणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत, राजा वट्टगामणीच्या काळात, ती लिहून काढली गेली. तोवर ती भिक्षूंच्या तोंडी होती. कशी राहिली? त्यांनी काम वाटून घेतले होते. दीघनिकायाचे भाणक वेगळे, मज्झिमनिकायाचे वेगळे. मजकूर गठ्ठ्यांत बांधला होता. चार सत्ये, पाच स्कंध, आठ अंगांचा मार्ग. अंगुत्तरनिकायाची तर सगळी रचनाच एक, दोन, तीन अशी अकरापर्यंत आकड्यांनी केलेली. तीच वाक्ये सुत्तांत पुन्हा पुन्हा येतात आणि वाचताना आपल्याला कंटाळा येतो, पण ती वाचण्यासाठी नव्हती, म्हणण्यासाठी होती. आणि सर्वांत महत्त्वाचे, पठण सामूहिक होते. संगीती म्हणजे एकत्र म्हणणे. एकाचा शब्द चुकला की शेजारच्याच्या कानाला तो खटकणार. एकट्याच्या आठवणीवर एवढे ओझे टाकायचे नाही, हे त्यांनी ओळखले होते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

आठवण दर वेळी नव्याने बांधली जाते

पण पाठांतर वेगळे आणि आयुष्यातले प्रसंग आठवणे वेगळे. प्रसंग कोणी पाठ करत नाही. त्याचे काही तुकडे राहतात, आणि आठवताना उरलेला भाग मन स्वतः भरते.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी हे १९३२ च्या पुस्तकात दाखवले. त्यांनी इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली. कथा भुतांच्या लढाईची, इंग्रजांच्या कानाला चमत्कारिक. काही काळाने ती लिहायला सांगितली. मग पुन्हा काही महिन्यांनी. दर वेळी कथा आखूड होत गेली. गावठी होडके जाऊन साधी बोट आली, भुते हळूहळू गळाली, न समजणाऱ्या जागा 'सरळ' झाल्या. कोणी मुद्दाम बदलली नव्हती. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या साच्यात ती बसवली. म्हणजे आठवण ही भिंतीवरच्या फोटोसारखी नसते. मातीच्या घरासारखी असते. दर पावसाळ्यानंतर लिंपायचे, आणि प्रत्येक लिंपणात थोडी आजची माती मिसळते.

ही आजची माती बाहेरचा माणूससुद्धा मिसळू शकतो. अमेरिकेतल्या एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि विचारले, गाड्यांचा वेग किती होता? फक्त प्रश्नातले क्रियापद बदलले. "गाड्या जोरात आदळल्या तेव्हा" असे विचारले तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल. "गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा" असे विचारले तर सुमारे ३२ मैल. फिल्म तीच! दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. तरी 'जोरात आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. 'धडकल्या' एवढाच साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. प्रश्नातला एक शब्द आठवणीत काच फोडून गेला.

तुम्ही म्हणाल, असल्या फिल्मचे सोडा. मोठा धक्का बसलेला प्रसंग माणूस विसरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेले, आणि चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप. त्या वेळी मी कुठे झोपलो होतो, कोणी उठवले, हे लातूर-उस्मानाबादकडचा माणूस आजही छातीठोकपणे सांगतो. अशा आठवणी ठळक असतात यात शंका नाही. पण ठळक आणि अचूक एकच का? २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले. उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की तुम्हाला बातमी कुठे, कोणाकडून, कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारले. एक चतुर्थांश लोकांचे उत्तर मुख्य मुद्द्यांत साफ वेगळे होते, आणि त्यांतल्या पुष्कळांची खात्री मात्र पक्की. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी त्यांची आताची आठवण बदलेना.

खात्री आणि खरेपणा

इथवर सगळे प्रयोगशाळेतले झाले. आता एका माणसाच्या आयुष्याचे सांगतो.

जुलै १९८४. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातले बर्लिंग्टन हे गाव. जेनिफर थॉम्पसन ही २२ वर्षांची कॉलेजची विद्यार्थिनी. रात्री घरात शिरलेल्या माणसाने तिच्यावर अत्याचार केला. मुलगी धीराची. त्या भयंकर वेळीही तिने ठरवले की जगले तर याला पकडून द्यायचे, म्हणून तिने त्याचा चेहरा नीट निरखून ठेवला. पुढे पोलिसांनी फोटो दाखवले, त्यांतून तिने रोनाल्ड कॉटन या कृष्णवर्णीय तरुणाचा फोटो निवडला. मग प्रत्यक्ष ओळख परेड झाली. फोटोंत असलेल्यांपैकी एकटा कॉटनच परेडमध्येही होता. तिने त्यालाच ओळखले, आणि पोलिसांनीही सांगितले की फोटोतही तू यालाच निवडले होतेस. तिची उरलीसुरली शंका गेली. १९८५ साली कॉटनला जन्मठेप झाली.

पुढे तुरुंगात कॉटनला त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कैदी भेटला. गुन्हा मीच केला असे तो इतरांजवळ बोलल्याचे कळले. १९८७ साली पुन्हा खटला चालला, त्या दुसऱ्या माणसाला कोर्टात जेनिफरसमोर उभे केले. ती म्हणाली, याला मी कधी पाहिलेलेच नाही. खोटे बोलत नव्हती ती! तिच्या मनातल्या त्या रात्रीच्या चेहऱ्याच्या जागी आता कॉटनचा चेहरा बसला होता. १९९५ साली डीएनए तपासणी झाली. अत्याचार करणारा तो दुसराच माणूस निघाला. कॉटन सुटला तेव्हा त्याची साडेदहा वर्षे गेली होती.

पुढची गोष्ट मला फार मोठी वाटते. दोघे भेटले. तिने माफी मागितली, त्याने दिली. २००९ साली दोघांनी मिळून पुस्तक लिहिले, आणि पोलिसांनी ओळख कशी घ्यावी यात सुधारणा व्हावी म्हणून दोघे बरोबरीने बोलत राहिले. अमेरिकेत डीएनए तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या लोकांचे खटले पाहिले, तर त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी अधिक खटल्यांत साक्षीदाराने ओळखण्यात झालेली चूक सापडते. आपल्याकडेही ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा मानत नाहीत, कोर्टातल्या साक्षीला बळकटी म्हणूनच तिच्याकडे बघतात. त्यामागे हेच शहाणपण आहे.

आता इथे एक सावधगिरी. हे ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे फिर्यादीच्या आठवणीवर विश्वासच ठेवायचा नाही का? असा अर्थ काढाल तर फार मोठा अन्याय होईल. विशेषतः ज्यांच्याकडे आपल्या आठवणीखेरीज दुसरा पुरावा नसतो, त्या गरीब माणसावर, बाईमाणसावर. संशोधन सांगते ते असे की प्रसंगाचा गाभा बहुधा टिकतो, तपशील हलतात. मारहाण झाली, कोणत्या कारणाने झाली, हे माणूस विसरत नाही. पण काठी कोणत्या हातात होती, आधी कोण बोलले, साडेसात वाजले होते की आठ, हे हलते. आणि उलटतपासणीत वकील नेमके हेच विचारतो. "पोलिसांना तुम्ही साडेसात सांगितलं, आज आठ म्हणता. म्हणजे तुम्ही खोटं बोलताय!" साक्षीला उभा राहिलेला साधा माणूस गडबडतो, आणि खरा असून खोटा ठरतो.

म्हणून दोन वाक्ये जोडीने लक्षात ठेवा. तपशील हलला म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आणि माणूस छातीठोक सांगतो म्हणून तो बरोबरच असतो असेही नाही. पहिले वाक्य विसरलो तर पीडितावर अन्याय, दुसरे विसरलो तर निरपराध्यावर.

मग करायचे काय? आपल्या वस्तीत वाईट प्रसंग घडला तर या गोष्टी करा. एक, त्याच दिवशी लिहून काढा. तारीख, वेळ, जागा, कोण होते, कोण काय बोलले. लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवा. दोन, हे प्रत्येकाने वेगवेगळे करायचे. आपल्याकडे काय होते, घटना झाली की सगळे पारावर किंवा चौकात जमतात आणि रात्रभर चर्चा चालते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच घटनेची थोडी वेगळी फिल्म पाहिलेल्या जोड्यांना आपसात बोलू दिले. त्यांतल्या ७१ टक्के लोकांच्या सांगण्यात असा काहीतरी तपशील आला, जो त्यांनी पाहिलेला नव्हता, जोडीदाराकडून ऐकलेला होता. भाणकांचे सामूहिक पठण आठवा. तिथे मजकूर आधी ठरलेला होता, म्हणून एकत्र म्हटल्याने तो शुद्ध राहिला. घटनेचा मजकूर ठरलेला नसतो. तिथे आधी एकत्र बोललात तर ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सर्वांची होते. म्हणून आधी ज्याने त्याने लिहायचे, मग एकत्र बसायचे. तीन, फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका, आणि तिची प्रत घ्या. ती विनामूल्य मिळण्याचा फिर्याद देणाऱ्याचा हक्क आहे. चार, आठवत नसेल तिथे 'आठवत नाही' असेच सांगा. अंदाजाने भरलेली जागा पुढे आपल्यालाच खरी वाटू लागते. आणि पाच, कोणाला विचारताना शब्द आपण पुरवू नका. "त्याच्या हातात कुऱ्हाड होती ना?" असे नव्हे. "त्याच्या हातात काय होतं?" असे विचारा.

घरातली वडीलधारी

शेवटचा मुद्दा ज्येष्ठांचा. वय झाले की नाव पटकन न आठवणे, चष्मा शोधत बसणे हे चालायचेच. पण सकाळी जेवून दुपारी "मला कोणी जेवायला दिलं नाही" म्हणणे, नेहमीच्या गल्लीत रस्ता चुकणे, पैशांचा हिशेब अजिबात न जमणे, हे म्हातारपण नव्हे, तो आजार असू शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज आहे. आजार त्यांना, आणि वर बोलणी त्यांनाच. "म्हातारी मुद्दाम करते," "शेजाऱ्यांपुढे आमची अब्रू घालवते." बाई, ती मुद्दाम करत नाही. हेन्रीची गोष्ट आठवा. ताजी आठवण धरणारा भागच दुखावला तर दुपारचे जेवण राहणार कुठे? त्याच आजीला जात्यावरच्या ओव्या मात्र म्हणता येतात, कारण जुने खोलवर गेलेले असते आणि सर्वांत शेवटी जाते. डॉक्टरांना दाखवा. काही वेळा बी-१२ कमी असणे, थायरॉइड, मनाची उदासी अशी बरी होणारी कारणेही निघतात. आजार बरा होणारा नसला, तरी आपले बोलणे सुधारता येते. "आत्ताच तर जेवलीस" म्हणून वाद घालण्यापेक्षा चहा पुढे करावा.

आणि ज्यांची आठवण शाबूत आहे त्यांच्याकडे बसा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बापाच्या खांद्यावर बसून गेलेले पोर आज सत्तरी ओलांडून गेले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. या माणसांचे सांगणे आपण जपले नाही तर ते दुसरे कोणी जपणार नाही. नातवंडांच्या हातात फोन आहेत, त्यांना हे काम द्या. पण आज सांगितलेल्या रीतीने. "किती लाख लोक होते?" असे विचारू नका, तो आकडा त्यांनी नंतर ऐकलेला असतो. "तुम्ही कशाने गेलात? बरोबर काय बांधून घेतलं होतं? रात्री कुठं झोपलात? पायात काय होतं?" असे विचारा. मधे बोलू नका, दुरुस्त करू नका. जे सांगतील ते तसेच नोंदवा, वर तारीख घाला. मग दुसऱ्याचे घ्या, तिसऱ्याचे घ्या, जुनी पत्रे, पावत्या, फोटो, वर्तमानपत्रे यांच्याशी ताडून पाहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर कोणाला खोटे पाडू नका, दोन्ही ठेवा. हे काम विहार समितीने हाती घ्यावे अशी माझी जाहीर विनंती आहे. एक वही, एक फोन, आणि रविवारचे दोन तास एवढे पुरेसे आहे. पुढच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत अशा दहा आठवणी छापून आल्या, तर आजचे माझे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.